झाडाखालचें बांक

घरांत कोणास ताप आला, तर तो ताप आहे हें सांगावयास वैद्य लागत नाहीं. कपाळाला हात लावणारी आई किंवा आजी तो ओळखते. अंथरूण घातलें जातें, पेज शिजते, आणि दोन दिवसांत उतार पडला नाहीं तर डॉक्टरांकडे निरोप जातो. मनाच्या दुखण्याची गोष्ट निराळी. घरची सून दिवसेंदिवस अबोल होत जाते, तिची झोंप उडते, ताटांतलें अन्न ताटांतच राहतें. माणसें म्हणतात, हिचा स्वभावच असा. घरचा कर्ता पुरुष कामावरून येतो आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. शेजारी म्हणतात, हा आळसावला. दुखण्याला दुखणें म्हणावयासच येथें वर्षेंच्या वर्षें जातात. उपचार ही तर त्याच्याही पुढची गोष्ट.

श्रोतेहो, ही स्थिति सर्व जगाची आहे. परंतु देश जितका गरीब तितकी ती बिकट. विषण्णतेचा विकार, ज्याला आज घरोघर डिप्रेशन म्हणतात, तो जडलेल्या माणसांपैकीं कितींना निदान पुरेसा म्हणण्याजोगा उपचार मिळतो, याचा २१ देशांतील पाहण्यांवरून केलेला एक अभ्यास २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. श्रीमंत देशांत हें प्रमाण ५ जणांत एक इतकें होतें. गरीब देशांत आणि त्यांच्याहून एकच पायरी वर असलेल्या देशांत २७ जणांत एक. भारतांत २०१५-१६ सालीं १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी झाली. तिच्यांत असें दिसलें, कीं निरनिराळ्या मनोविकारांनीं पीडलेल्यांपैकीं शेंकडा ७० पासून ९२ पर्यंत लोक उपचाराविना राहतात. ज्या दुखण्यावर उपाय ठाऊक आहे, तें इतक्या लोकांनीं निमूटपणें सोशीत राहावें, ही गोष्ट कोणाही विचारी माणसाला अस्वस्थ करील अशीच आहे.

याचें कारण विचारलें तर पहिलें उत्तर येतें तें असें, कीं मनाचे डॉक्टर फार थोडे आणि मनोरुग्णालयें त्याहून थोडीं. उत्तर खरें आहे, आणि जुनेंही आहे. १९४६ सालच्या भोर समितीच्या अहवालांत म्हटलें होतें, कीं इंग्लंडांत सुमारें ३०० माणसांमागें मनोरुग्णालयांत एक खाट आहे, तर हिंदुस्थानांत सुमारें ४० हजारांमागें एक. महाराष्ट्रांत ठाणें, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथें मोठीं मनोरुग्णालयें आहेत. परंतु खेड्यांतला मनुष्य तेथवर पोंचतो तो बहुधा दुखणें हाताबाहेर गेल्यावर, आणि पुष्कळदां नातेवाइकांनीं धरून आणल्यावर.

नुसत्या भिंती बांधून हें अंतर भरून निघणार नाहीं, हें जाणत्यांच्या ध्यानांत पूर्वींच आलें होतें. १९७५ सालापासून चंडीगढनजीक रायपूर राणी आणि बंगळूरनजीक सकलवारा येथें, साध्या आरोग्यकेंद्रांतील डॉक्टर व सेवक यांनाच मनोविकार ओळखावयास शिकविण्याचे प्रयोग झाले. आणि त्यांच्या अनुभवावर १९८२ सालीं भारतानें राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आंखला. विचार उत्तम होता. परंतु साध्या आरोग्यकेंद्रांतल्या डॉक्टरापुढेंही रोग्यांची रांग लागलेली असते. आणि मनाच्या दुखण्याला सर्वांत अधिक लागणारी जी वस्तु, म्हणजे वेळ, तीच नेमकी त्याच्यापाशीं नसते. मग हा वेळ असतो तरी कोणापाशीं? या प्रश्नाचें उत्तर गेल्या पंचवीस वर्षांत पुढें आलें, आणि तें श्रीमंत देशांतील मोठमोठ्या विद्यापीठांपेक्षां गरीब देशांतील खेड्यांतून आणि वस्त्यांतून आलें, हा या विषयांतला सर्वांत लक्षांत घेण्याजोगा भाग आहे.

त्याकडे वळण्यापूर्वीं एका गैरसमजाचा निकाल लावला पाहिजे. पुष्कळ सुशिक्षितांस असें वाटतें, कीं डिप्रेशन हें खाऊनपिऊन सुखी असलेल्यांचें दुखणें. ज्याला उद्यांच्या भाकरीची भ्रांत, त्याला मनाचे लाड कोठून परवडणार? ही समजूत चुकीची आहे, आणि ती चुकीची ठरली ती लोकांच्या स्वतःच्या शब्दांमुळें. युगांडाच्या नैर्ऋत्येस मसाका आणि राकाई या जिल्ह्यांत एड्सच्या साथीनें घरेंच्या घरें ओस पडलीं होतीं. पॉल बोल्टन आणि त्यांचे सहकारी तेथें अभ्यासास गेले, तेव्हां त्यांनीं गांवकऱ्यांना "तुम्हांला डिप्रेशन आहे काय?" असें विचारलें नाहीं. या साथीपायीं तुमच्यावर कोणकोणतीं संकटें आलीं, एवढेंच विचारलें. लोकांनीं जीं संकटें सांगितलीं, त्यांत दोन दुखणीं मनाचीं होतीं आणि दोहोंनाही त्यांच्या भाषेंत नांवें होतीं. एकाचा अर्थ स्वतःचा तिटकारा येणें; दुसऱ्याचा, स्वतःची कींव येत राहणें. त्यांचीं लक्षणें ताडून पाहिलीं, तेव्हां ग्रंथांतल्या विषण्णतेशीं तीं पुष्कळशीं जुळलीं.

झिंबाब्वेंत शोना भाषा बोलणारे लोक अशाच दुखण्याला 'कुफुंगिसिसा' म्हणतात. त्याचा अर्थ, फार विचार करणें, एकाच गोष्टीचा मनांत अखंड घोळ चालणें. मराठी माणसाला हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाहीं. डॉक्टर विक्रम पटेल यांनीं १९९० नंतरच्या दशकांत त्या देशांत काम करून, तेथील लोकांच्या बोलण्यांतूनच १४ प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. पुढें ते गोव्यांत आले, तेव्हां त्यांना हेंच दुखणें निराळ्या पेहरावांत भेटलें. गोव्याच्या दवाखान्यांतला रोगी मन दुखतें असें म्हणत नाहीं. अंग मोडून येतें, डोकें जड होतें, थकवा जात नाहीं, झोंप लागत नाहीं, असें तो सांगतो. आणि फार खोदून विचारलें तर 'टेन्शन' हा शब्द उच्चारतो. त्याला शक्तीचें औषध आणि झोंपेची गोळी मिळते, आणि दुखणें जेथल्या तेथें राहतें. तात्पर्य, गरिबाला हें दुखणें असतें आणि तो तें सांगतोही. मात्र तें ऐकणाऱ्याला त्याची भाषा यावी लागते.

आतां ज्याला भाषा येते आणि ज्याच्यापाशीं वेळ आहे, असा मनुष्य कोण? तर शेजारचा. बोल्टन यांच्या मंडळींनीं युगांडांत जो प्रयोग केला, त्यांत उपचार करणारे लोक त्याच भागांतले होते. मनाच्या वैद्यकाची त्यांना पूर्वीं गंधवार्ता नव्हती. त्यांना अवघें दोन आठवडे शिकविण्यांत आलें. एकंदर ३० गांवें घेतलीं. त्यांपैकीं १५ गांवांत पुरुषांचे आणि १५ गांवांत स्त्रियांचे गट. कोणत्या गांवांत उपचार करावयाचा आणि कोणतीं गांवें तुलनेसाठीं राखावयाचीं, हें चिठ्ठ्या टाकावयाच्या रीतीनें ठरविलें, म्हणजे कोणाच्या आवडीनिवडीला वाव राहूं नये. उपचार म्हणजे आठवड्यांतून एकदां, असे १६ आठवडे, गटानें एकत्र बसणें. आणि कोण गेलें, कोणाशीं बिनसलें, आयुष्याची घडी कशी बदलली, याविषयीं मोकळेपणानें बोलून एकमेकांना वाट सुचविणें.

२००३ सालीं या प्रयोगाचा निकाल प्रसिद्ध झाला. उपचाराच्या गांवांत आरंभीं शेंकडा ८६ जण विषण्णतेच्या व्याख्येंत बसत होते. शेवटीं ते ६.५ उरले. तुलनेच्या गांवांत आरंभीं ९४ होते, तेथें ५४.७ उरले. हे दुसरे आंकडे विशेष महत्त्वाचे आहेत. कांहींही न करतां तेथेंही पुष्कळ माणसें सावरलीं, कारण काळ हाही एक वैद्य आहे. तुलनेचीं गांवें नसतीं तर काळानें केलेलें काम उपचाराच्या नांवावर जमा झालें असतें. तीं होतीं म्हणूनच छातीठोकपणें म्हणतां येतें, कीं काळानें केलें त्याहून कितीतरी अधिक या गटांनीं केलें.

यानंतर झिंबाब्वेची गोष्ट. या देशाची लोकसंख्या एक कोटीहून पुष्कळ अधिक, आणि मनाचे डॉक्टर डझनभर. त्यांपैकीं एक डिक्सन चिबांडा. राजधानीपासून दूर राहणारी त्यांची एक तरुण रुग्ण ठरल्या वेळीं तपासणीला आली नाहीं. तिनें आत्महत्या केली होती. तिच्या आईनें मागाहून सांगितलें, कीं यावयाचें होतें, पण बसच्या भाड्याचे १५ डॉलर घरांत नव्हते. रोग ओळखलेला होता, डॉक्टर होता, औषध होतें. आणि बसचें भाडें तेवढें नव्हतें. ही गोष्ट चिबांडा यांनीं अनेकदां जाहीरपणें सांगितली आहे. इस्पितळांत बसून रोग्याची वाट पाहण्याचा मार्ग पुरा पडणार नाहीं, अशी त्यांची खातरी झाली ती यामुळें.

त्याच सुमारास, २००५ सालीं, सरकारनें शहरांतील झोंपड्या आणि टपऱ्या पाडण्याची मोहीम काढली होती. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणें तींत सुमारें ७ लक्ष लोकांचें राहतें घर, किंवा पोटाचा धंदा, किंवा दोन्ही गेलीं. हरारे शहरांतील मबारे या गरीब वस्तींत २००६ सालीं चिबांडा यांनीं काम आरंभिलें, तेव्हां त्यांना खोली मिळाली नाहीं, परिचारिका मिळाल्या नाहींत, पैसा मिळाला नाहीं. मिळाल्या त्या वस्तींतल्या १४ आज्या. या वृद्ध स्त्रिया पूर्वींपासूनच सार्वजनिक आरोग्याचें किरकोळ काम करीत, घरोघर फिरत, आणि प्रत्येक घर त्यांच्या ओळखीचें होतें. दवाखान्याच्या आवारांत झाडाखालीं एक लांकडी बांक ठेवलें, तोच दवाखाना. आरंभीं त्याला मानसिक आरोग्याचें बांक असें नांव दिलें होतें, तर कोणी त्यावर बसावयास येईना. वेडाचा शिक्का कोणाला हवा असतो? मग आज्यांनींच नांव बदलावयास लावलें, आणि तें मैत्रीचें बांक झालें.

या बांकावर चालतें तरी काय? आजी प्रथम १४ प्रश्न विचारते. त्यावरून दुखणें किती खोल आहे याचा अंदाज येतो. आणि जीव देण्याचे विचार मनांत येत असल्याचें दिसलें, तर ती रोग्याला तेथेंच आपल्या वरिष्ठांकडे पोंचविते. एरव्ही ती ऐकत बसते. आलेल्या माणसाच्या मनांत संकटांचा गुंता असतो: भाडें थकलेलें, मुलाची शाळा बंद पडलेली, नवऱ्याचें दुखणें, स्वतःचें दुखणें. आजी हा गुंता एक एक धागा वेगळा करून त्याच्याकडूनच मोजून घेते, आणि विचारते, यांतला आधीं कोणता हातीं घ्यावयाचा? एक ठरला कीं त्यावर काय काय करतां येईल, त्यांतलें या आठवड्यांत काय जमेल, कोणाची मदत लागेल, एवढेंच ठरतें. पुढच्या भेटींत तें जमलें कीं नाहीं याची चौकशी. अशा सहा भेटी. शोना भाषेंत या पायऱ्यांना जीं नांवें आहेत, त्यांचा अर्थ मन उघडणें, वर उचलणें आणि बळकट करणें असा आहे. पुढें इच्छा असेल त्यांनीं गटांत येऊन बसावें, गप्पा माराव्या आणि टाकाऊ प्लास्टिकच्या पिशव्या विणाव्या, अशीही सोय आहे. आजी संकट दूर करीत नाहीं; संकटापुढें हात टेकून बसलेल्या माणसाला ती पुन्हां उभें करते.

हें सर्व ऐकावयास गोड आहे. परंतु गोड वाटणाऱ्या गोष्टींचीच परीक्षा कसून व्हावी लागते. ती झाली. हरारेंतील २४ दवाखाने आणि ५७३ रुग्ण घेऊन झालेल्या प्रयोगाचा निकाल २०१६ सालच्या डिसेंबरांत अमेरिकन वैद्यक परिषदेच्या पत्रिकेंत छापून आला. सहा महिन्यांनंतर, नेहमींचीच सेवा मिळालेल्यांपैकीं शेंकडा ४९.९ जणांत विषण्णतेचीं लक्षणें शिल्लक होतीं. बांकावर बसलेल्यांपैकीं शेंकडा १३.७ जणांत. पुढें हें बांक आफ्रिकेंतील इतर देशांत आणि अमेरिकेपर्यंत जाऊन पोंचलें.

असाच एक मार्ग पाकिस्तानांत सांपडला, आणि त्याची युक्ति निराळी आहे. रावळपिंडीच्या ग्रामीण भागांत गरोदर आणि बाळंत स्त्रियांत विषण्णतेचें प्रमाण मोठें. परंतु तरुण सुनेला मनाचें औषध द्यावयास आलों आहोंत असें म्हणत दारांत कोणी उभें राहिलें, तर सासू तें दार उघडणार नाहीं. डॉक्टर अतीफ रहमान यांनीं असें केलें, कीं घरोघर जाणाऱ्या सरकारी आरोग्यसेविकांना ही विद्या शिकविली आणि भेटीचें निमित्त बाळाचें ठेवलें. बाळ चांगलें वाढावें, म्हणून त्याच्या आईनें खावें, विसांवा घ्यावा, मनांतले निराशेचे विचार ओळखून ते पारखून पाहावे, आणि यांत घरच्यांनीं साह्य करावें. नातवासाठीं म्हटल्यावर सासूही मांडी घालून ऐकूं लागली. गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यापासून बाळ दहा महिन्यांचें होईपर्यंत एकंदर १६ भेटी. २००८ सालीं 'लॅन्सेट' या पत्रिकेंत निकाल आला. सहा महिन्यांनंतर तुलनेच्या गटांत शेंकडा ५३ माता विषण्णतेंत होत्या, या गटांत शेंकडा २३. बाळांना जुलाब कमी झाले, लसी अधिक टोंचल्या गेल्या. परंतु बाळांचें वजन आणि उंची यांत मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. वाढेल अशी आशा होती. नाहीं वाढली, तर नाहीं वाढली असेंच त्यांनीं छापलें. या विषयांतल्या संशोधनावर विश्वास बसतो तो अशा ओळींमुळें.

गोव्यांतील 'संगथ' ही संस्था १९९६ सालीं स्थापन झाली. तिनें सरकारी आरोग्यकेंद्रें आणि खासगी डॉक्टरांचे दवाखाने मिळून २४ ठिकाणीं 'मानस' नांवाचा प्रयोग केला. वैद्यकाचा गंध नसलेल्या सुशिक्षित तरुणतरुणींना सुमारें दोन महिने शिकवून दवाखान्यांत समुपदेशक म्हणून बसविलें. डॉक्टरनें औषध द्यावें, समुपदेशकानें वेळ द्यावा, आणि मनोविकारतज्ज्ञानें अधूनमधून येऊन दोघांचें काम पाहावें, अशी ती वांटणी. २०१० सालीं निकाल आला तो दुहेरी होता. सरकारी केंद्रांत, समुपदेशक असलेल्या ठिकाणीं शेंकडा ६५.९ रोगी सहा महिन्यांत बरे झाले. नसलेल्या ठिकाणीं ४२.५. खासगी दवाखान्यांत मात्र समुपदेशक असला काय आणि नसला काय, कांहीं अंतरच दिसलें नाहीं: एकीकडे ६४.१, दुसरीकडे ६५.९. याचें एक संभाव्य कारण असें, कीं ओळखीचा घरगुती डॉक्टर रोग्याशीं दोन शब्द बोलतो, त्याची पूर्वपीठिका जाणतो; म्हणजे समुपदेशकाचें थोडेंबहुत काम तेथें आधींच होत असतें. जेथें कोणी ऐकत नव्हतें, तेथेंच ऐकणाऱ्याचा उपयोग सर्वांत अधिक झाला.

पुढें याच मंडळींनीं अधिक तीव्र विषण्णतेसाठीं सहा ते आठ भेटींचा एक उपचार बसविला. त्याचें सार इतकेंच, कीं मन प्रसन्न होईल तेव्हां कामाला लागूं, असें म्हणत बसूं नये. आवडीचें किंवा उपयोगाचें लहानसें काम आधीं हातीं घ्यावें, मन मागाहून येतें. १० आरोग्यकेंद्रांतील ४९५ रुग्णांवर त्याची परीक्षा झाली. २०१७ सालच्या निकालाप्रमाणें तीन महिन्यांनंतर दुखणें ओसरलें तें नेहमींच्या सेवेंत शेंकडा ३९ जणांचें, या उपचारांत ६४ जणांचें. हे समुपदेशक आपल्या भेटींच्या ध्वनिमुद्रिका एकत्र बसून ऐकत आणि एकमेकांच्या कामाला गुण देत. ज्याला वैद्यकाची पदवी नाहीं, त्याच्या कामावर कोणाचें तरी लक्ष हवें. तें लक्ष ठेवण्याची ही सोपी आणि स्वस्त रीत होय.

येथपर्यंत ऐकणाऱ्या चिकित्सक श्रोत्याच्या मनांत दोन शंका उभ्या राहतील, आणि त्या राहाव्यात. पहिली शंका अशी, कीं श्रीमंतांना डॉक्टर आणि गरिबांना आजी, हा न्याय कसला? या शंकेंत तथ्य आहे. बांकावरची आजी पुरेशी आहे ती चिंता आणि विषण्णता यांच्या पुष्कळशा रोग्यांना; सर्वांना नव्हे. ज्याला भास होतात, ज्याचा वास्तवाशीं संबंध तुटतो, त्याला औषध पाहिजे, आणि तें देणारा डॉक्टर पाहिजे. अशा रुग्णांसाठीं तमिळनाडू, गोवा आणि महाराष्ट्रांतील सातारा येथें २८२ जणांवर एक प्रयोग झाला. डॉक्टरी उपचार सर्वांनाच होता. त्यांतल्या कांहींच्या घरीं त्याखेरीज गांवांतले शिकविलेले सेवक जात, औषध चालू राहील असें पाहत, घरच्यांना समजावीत, कामधंद्याला लावून देत. २०१४ सालीं निकाल आला: लाभ झाला, परंतु बेताचाच. मोठ्या आजारांत शेजाऱ्याचा हात डॉक्टरच्या हाताला जोड आहे, त्याच्या बदली नव्हे.

आणि जेथें दोन्ही हात नसतात, तेथें काय होतें, हेंही देशानें पाहिलें आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजीं तमिळनाडूंतील एरवाडी येथें मनोरुग्णांच्या एका निवासाला आग लागली. रुग्ण सांखळ्यांनीं जखडलेले होते. त्यांना पळतां आलें नाहीं, आणि २८ जण मृत्युमुखीं पडले. त्यांच्या नातेवाइकांनीं त्यांना तेथें टाकलें तें सर्वच कांहीं दुष्टपणानें नव्हे. दुसरी वाट त्यांना कोणी दाखविली नव्हती. मनोरुग्णाला सांखळी घालणें २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें मना केलें आहे. परंतु कायदा सांखळी काढावयास सांगतो. काढल्यानंतर त्या माणसाजवळ बसणारा कोणी तरी हवाच.

दुसरी शंका याहून अवघड. ज्याचें घर पाडलें, त्याला बोलून काय मिळणार? दुःखाचें मूळ दारिद्र्यांत असतां मनावर उपचार करणें म्हणजे अन्यायाला पांघरूण घालणें नव्हे काय? याचें उत्तर शब्दांपेक्षां कृतीनें दिलेलें बरें, आणि तें महाराष्ट्रांत मिळतें. नाशिक जिल्ह्यांतील पेठ तालुक्यांत २०१३ ते २०१५ या काळांत 'आत्मीयता' नांवाचा एक प्रयोग झाला. पुढें तो गुजरातेंत मेहसाणा जिल्ह्यांत वाढविण्यांत आला. त्यांत गांवांतलेच स्वयंसेवक दुःखी माणसाजवळ बसून त्याचें ऐकत, त्याला धीर देत. आणि त्याबरोबरच निराधाराचें वेतन, शिधापत्रिका, सरकारी योजनांचे हक्क यांपैकीं त्याला काय लागू आहे तें शोधून तें मिळविण्यास साह्य करीत. विषण्णतेंत बुडालेल्या माणसाला स्वतःच्या हक्काचा अर्ज लिहिण्याचेंही त्राण नसतें. म्हणून मन सांवरणें आणि पोटाची सोय लावणें हीं दोन कामें परस्परविरोधी नाहींत. पहिलें झालें तर दुसऱ्याला हात घालण्याचें बळ येतें, आणि दुसरें झालें तर पहिलें टिकतें.

या सर्वांतून सुशिक्षित कुटुंबांनीं घ्यावयाचा बोध कोणता? घरांत कोणी अबोल झालें, खाईनासें झालें, रात्र रात्र जागूं लागलें, आणि हें दोन आठवड्यांहून अधिक चाललें, तर त्याला स्वभाव, आळस किंवा नाटक म्हणूं नये. उपदेश करण्यापूर्वीं ऐकावें. "इतका विचार करूं नकोस" हें वाक्य तर कटाक्षानें टाळावें, कारण विचार थांबवितां येत नाहींत हेंच त्याचें दुखणें असतें. बोलतांना जीव नकोसा झाल्याचें सूचित झालें, तर तें उघडपणें आणि मायेनें विचारावें, त्या माणसाला एकटें सोडूं नये, आणि डॉक्टरांस विनाविलंब गांठावें. भारत सरकारनें १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' ही दूरध्वनिसेवा चालू केली आहे; १४४१६ या क्रमांकावर ती रात्रंदिवस मिळते आणि मराठींतही बोलतां येतें.

दुसरा बोध नागरिक या नात्यानें घ्यावयाचा आहे. जगांतील सरकारें आरोग्यावर जो खर्च करतात, त्यांतला साधारणपणें शेंकडा २ च्या आसपासच हिस्सा मनाच्या आरोग्याला मिळतो. आज्यांचे प्रयोग यशस्वी झाले म्हणून हा हिस्सा इतकाच पुरे, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो घातक ठरेल. या प्रत्येक प्रयोगाच्या मागें शिकविणारे होते, देखरेख करणारे होते, हिशेब ठेवणारे होते, आणि अवघड रोगी जिच्याकडे पाठवावा अशी कोणी तरी तज्ज्ञ व्यक्ति होती. हें सर्व काढून घेतलें आणि गांवच्या आशासेविकेच्या वहींत आणखी एक रकाना तेवढा वाढविला, तर आंकडे कागदावर राहतील आणि रोगी भिंतीकडे तोंड करून पडलेलाच राहील.

झाडाखालच्या बांकाला भिंती लागत नाहींत, म्हणून तें स्वस्त आहे. परंतु तें फुकट नाहीं. त्यावर बसणाऱ्या बाईच्या श्रमाचें मोल, तिला शिकविणाऱ्याचा पगार, तिच्या मागें उभ्या असलेल्या डॉक्टरचा वेळ आणि दूरच्या गांवाहून येणाऱ्या रोग्याचें बसभाडें, एवढा खर्च समाजानें उचललाच पाहिजे. मनाच्या दुखण्यावर माणसाचा उपाय चालतो, हें गरीब देशांनीं स्वतः करून आणि मोजून दाखविलें आहे. तो माणूस प्रत्येक दुखणाइताच्या चालत जाण्याच्या अंतरावर नेऊन बसविणें, एवढेंच काम आतां शिल्लक आहे. आणि तें काम आजीचें नव्हे, सरकारचें आणि समाजाचें आहे.